कुत्र्याच्या जिभेवरील काळा डाग

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यांत सातव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टींत माझ्याकडे आला. केवळ शंका विचारावयास नव्हे, तर कांहीं गाऱ्हाणें घेऊन तो आला आहे, असें त्याच्या मुद्रेवरून दिसत होतें. सुट्टींत मामाच्या गांवाहून त्यानें कुत्र्याचें एक पिलूं आणलें होतें. चार दिवस घरांतील सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. पांचव्या दिवशीं पिलूं खेळून दमलें आणि जीभ बाहेर काढून धापा टाकीत अंगणांत बसलें. तेव्हां शेजारच्या एका गृहस्थांनीं त्या जिभेवर दोन काळे डाग पाहिले व म्हटलें, "अहो, हें काळ्या जिभेचें जनावर दारांत ठेवूं नका. घराला बरें नाहीं." दुसरे म्हणाले, "असल्या कुत्र्याचा दांत लागला तर विष अधिक चढतें." तिसऱ्यांचें मत अगदीं उलट होतें. जिभेवर डाग म्हणजे अस्सल विलायती रक्ताची खूण, तेव्हां पिलूं विकल्यास चांगले पैसे येतील, असें त्यांनीं सांगितलें. आजी पहिल्या मताची झाली, वडील तिसऱ्या मताचे. रविवारीं पिलूं नदीपलीकडे सोडावयाचें कीं बाजारांत न्यावयाचें, एवढाच वाद आतां घरांत उरला होता.

"सर, तो डाग खरोखर कशाचा असतो?" असें त्यानें विचारलें.

प्रश्न लहान, परंतु त्याच्या उत्तरावर एका मुक्या प्राण्याचें भवितव्य अवलंबून होतें. त्या दिवशीं मीं त्यास जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहें. असा प्रश्न आणखीहि घरांतून निघत असेल, म्हणून हा लेख पालकांनींहि वाचावा अशी विनंति आहे.

प्रथम, जीभ गुलाबी कां दिसते तें पाहूं. जिभेंत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असतें आणि तिचें वरचें आवरण पातळ असतें. त्या आवरणांतून आंतील रक्ताचा रंग आपणांस दिसतो. कुत्र्याच्या जिभेला आणखी एक मोठें काम आहे. मनुष्याच्या सर्वांगास घाम येतो व तो वाळतांना अंग थंड होतें. कुत्र्यास तसा घाम येत नाहीं. त्याच्या घामाच्या ग्रंथि मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. म्हणून तें जीभ बाहेर काढून जलद श्वासोच्छ्वास करितें. जिभेवरील व तोंडांतील ओलावा वाळतो आणि त्यायोगें रक्त निवतें. मनुष्याची जीभ चारचौघांच्या दृष्टीस सहसा पडत नाहीं. कुत्र्याची जीभ मात्र दिवसभर सर्वांसमोर असते. तिच्यावरील डागाची एवढी चर्चा होते याचें अर्धें कारण इतकेंच आहे.

आतां डागाकडे वळूं. प्राण्यांच्या कातडीस, केसांस व डोळ्यांस काळा किंवा तपकिरी रंग देणारें एक द्रव्य आहे. त्यास मेलॅनिन असें म्हणतात. तें तयार करणाऱ्या पेशींस आपण रंगपेशी म्हणूं. या पेशींची कथा मोठी मनोरंजक आहे. गर्भ अगदीं लहान असतांना, जेथें पुढें पाठीचा कणा व मज्जारज्जु तयार व्हावयाचा असतो, त्या रेषेजवळ या पेशींच्या पूर्वज-पेशी जन्मतात. तेथून त्या हळूहळू सर्व शरीरभर पसरत जातात. ज्या जागीं त्या पोहोंचत नाहींत तेथील केस पांढरे राहतात. पुष्कळ कुत्र्यांची छाती, पंजे व शेंपटीचें टोंक पांढरें असतें, कारण हीं ठिकाणें त्या प्रवासाच्या अगदीं शेवटच्या टप्प्यावर आहेत. कुत्र्याच्या काळ्या नाकांत, काळ्या ओठांत व हिरड्यांवर दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांत हेंच मेलॅनिन असतें. जिभेच्या आवरणांतहि रंगपेशी असतात. एखाद्या ठिकाणीं त्यांनीं अधिक रंग तयार केला कीं तेथें डाग दिसूं लागतो. आपल्या गालावर किंवा हातावर तीळ असतो, तसाच हा जिभेवरचा तीळ समजावा.

असा डाग कधीं शाईसारखा निळसर काळा, तर कधीं तपकिरी असतो. कधीं तो मोहरीएवढा असतो, कधीं अर्धी जीभ व्यापून टाकतो. तो जिभेच्या पातळीशीं सपाट असतो, आणि त्यावरून बोट फिरविलें तर बाजूच्या गुलाबी भागापेक्षां वेगळें कांहीं लागत नाहीं. जांभळें खाल्ल्यावर तुमच्या जिभेस जो रंग येतो तो वरून लागलेला असतो व चूळ भरली कीं फिका पडतो. हा रंग आंतला असल्यामुळें पुसून जात नाहीं. पुष्कळ पिलांची जीभ जन्मतः स्वच्छ गुलाबी असते व डाग पुढें वाढीच्या काळांत उमटतात. त्यामुळें काल नसलेला डाग आज दिसला म्हणून कोणी कांहीं केलें असें समजण्याचें कारण नाहीं. त्या डागानें कुत्र्यास वेदना होत नाहींत, त्याच्या रुचींत अंतर पडत नाहीं, आणि तो एका कुत्र्यापासून दुसऱ्यास लागत नाहीं. शेतकऱ्यांच्या मुलांनीं आपल्या गोठ्यांत जाऊन पाहावें. गाईम्हशींच्या जिभेवरहि असे काळे डाग पुष्कळदा आढळतात. परंतु त्यामुळें दूध नासलें असें कोणी म्हणत नाहीं.

"विलायती रक्ताची खूण" हें मत कोठून आलें, तें पाहण्यासारखें आहे. चीन देशांत चाऊ-चाऊ नांवाची कुत्र्यांची एक जुनी जात आहे. तिची सबंध जीभ निळसर काळी असते. सेलबर्न नांवाच्या एका इंग्रजी खेड्यांत गिल्बर्ट व्हाइट नांवाचे धर्मोपदेशक राहत असत. आपल्या गांवाच्या निसर्गाचें बारकाईनें निरीक्षण करून त्यांनीं १७८९ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला व तो पुढें जगभर वाचला गेला. त्यांत चीनमधील कॅन्टन बंदराहून आणलेल्या कुत्र्यांच्या एका जोडीचें वर्णन आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेल्या एका तरुणानें ती जोडी त्या खेड्यांत आणली होती. त्यांचे ताठ कान, कोल्ह्यासारखें तोंड, काळेभोर बारीक डोळे, काळे ओठ आणि निळी जीभ हें सर्व व्हाइट यांनीं नोंदून ठेविलें. त्या जिभेवरून त्यांनीं शुभ किंवा अशुभ असें भाकीत केलें नाहीं. जें दिसलें तें लिहिलें. निरीक्षण कसें करावें याचा हा उत्तम धडा आहे.

चाऊ-चाऊच्या जिभेविषयीं एक लोककथाहि सांगतात. सृष्टीच्या आरंभीं आकाशास निळा रंग देण्याचें काम चाललें असतां रंगाचे थेंब खालीं सांडले व या कुत्र्यानें ते चाटले, म्हणून त्याची जीभ निळी झाली! कथा गोड आहे, परंतु चाऊचें पिलूंच ती खोटी ठरवितें. तें जन्मास येतें तेव्हां त्याची जीभ गुलाबी असते. सुमारें ८ ते १० आठवड्यांत तिच्यावर काळोखी चढत जाते. आणखी एक गंमत पाहा. अमेरिकेंतील श्वानप्रदर्शनांच्या नियमांप्रमाणें प्रौढ चाऊच्या जिभेच्या पृष्ठावर किंवा कडेवर गुलाबी ठिपका आढळल्यास तें कुत्रें स्पर्धेंतून बाद होतें. म्हणजे आमच्या आळींत काळा डाग अपशकुनी, तर तेथें गुलाबी डाग दोषास्पद! जीभ दोन्हीं ठिकाणीं निरपराधी आहे. पाहणाऱ्यांच्या समजुती मात्र निरनिराळ्या आहेत.

मग जिभेवर डाग असलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या वंशांत कोठें तरी चाऊ असला पाहिजे काय? नाहीं. लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, डाल्मेशियन इत्यादि अनेक जातींत हे डाग आढळतात आणि आपल्या गांवठी कुत्र्यांतहि आढळतात. मनुष्याच्या सहवासांत कुत्रें राहूं लागल्यास कमींत कमी १४,००० वर्षें झालीं आहेत. परंतु आज ज्यांस आपण जातिवंत म्हणतों त्यांपैकीं पुष्कळ जाती गेल्या सुमारें दोनशें वर्षांत निवडून पक्क्या केलेल्या आहेत. लंडनचा केनेल क्लब १८७३ सालीं स्थापन झाला. रंगपेशी त्यापूर्वीं हजारों वर्षें आपलें काम करीत होत्या. कुत्र्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडींतील एक गुणसूत्र आईकडून व एक बापाकडून येतें. वंश पाहावयाचा असेल तर तो या गुणसूत्रांत शास्त्रीय रीतीनें पाहतां येतो. एका डागावरून वंश ठरविणें म्हणजे पुस्तकावर पडलेल्या शाईच्या थेंबावरून तें कोणी लिहिलें हें सांगण्यासारखें आहे.

शिवाय वंश ठरला म्हणून स्वभाव ठरतो असेंहि नाहीं. २०२२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं १८,००० हून अधिक कुत्र्यांविषयीं त्यांच्या मालकांकडून माहिती मिळविली व त्यांपैकीं दोन हजारांहून अधिक कुत्र्यांच्या आनुवंशिक द्रव्याचें वाचन केलें. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकींत जो फरक असतो, त्यापैकीं केवळ सुमारें ९ टक्के फरक जातीवरून सांगतां येतो, असें त्यांस आढळलें. कुत्रें कसें निपजेल हें त्याला मिळणारी वागणूक, शिक्षण व त्याचा स्वतःचा पिंड यांवर पुष्कळ अवलंबून असतें. ही गोष्ट शाळेंतील शिक्षकास निराळी शिकवावी लागत नाहीं.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, काळ्या जिभेकडे कधींच लक्ष देऊं नये. तसेंहि नाहीं. एका काळीं कुत्र्यांच्या काळ्या जिभेनें मनुष्यास मोठें ज्ञान दिलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत पेलाग्रा नांवाच्या रोगानें गरीब लोकांत हाहाकार माजविला होता. उन्हांत उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे उठत, तोंड सोलवटून निघे, जुलाब होत, शेवटीं बुद्धिभ्रंश होऊन मनुष्य दगावे. हा स्पर्शजन्य रोग आहे असें समजून रोग्यांस दूर ठेवीत. त्याच सुमारास त्या प्रदेशांतील कुत्र्यांचें तोंड सुजे, लाळ गळे, दुर्गंधि येई आणि जीभ जांभळट काळी पडून तीं मरत. या व्याधीस लोक "काळी जीभ" असेंच म्हणत. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे १९१४ सालीं पेलाग्राचा तपास सोंपविण्यांत आला. हा रोग स्पर्शानें होत नसून निकृष्ट अन्नानें होतो, असें त्यांनीं दाखविलें. हे गरीब लोक मुख्यतः मक्याचें पीठ, काकवी व चरबीचें मांस यांवर राहत असत. पुढें गोल्डबर्गर व त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून ही काळी जीभ व पेलाग्रा एकाच उणीवेचीं रूपें असावीत असें मानलें आणि यीस्ट खाऊं घातल्यानें दोहोंसहि गुण येतो हें पाहिलें. ते १९२९ सालीं वारले. तें उणें द्रव्य कोणतें, याचा उलगडा १९३७ सालीं झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील कॉनरॅड एल्व्हेजेम व त्यांचे सहकारी यांनीं निकोटिनिक ॲसिड देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली. लवकरच त्याच औषधानें पेलाग्राचे रोगीहि उठून बसूं लागले. आज त्या द्रव्यास नायासिन किंवा ब३ जीवनसत्त्व म्हणतात.

या इतिहासाचा एक धागा आपल्या दख्खनपर्यंत येऊन पोहोंचतो. हैदराबाद येथील पोषण-संशोधनशाळेंतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं, जवळजवळ केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांतील पेलाग्राकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. भाकरी वाईट असा याचा अर्थ नव्हे. नुसत्या भाकरीवर राहणें वाईट. तिच्या जोडीस डाळ, दूध, शेंगदाणे असले म्हणजे ही उणीव राहत नाहीं. घरांतील कुत्र्यासहि केवळ कोरडा तुकडा न टाकतां थोडें सकस अन्न द्यावें, हें यावरून ध्यानांत येईल.

तर मग निरुपद्रवी डाग कोणता व रोगाचें चिन्ह कोणतें, हें कसें ओळखावें? चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली, डाग सपाट व जुना असून कुत्रें नीट खात-पीत असेल तर काळजी करूं नये. दुसरी, एरवीं गुलाबी असलेली सबंध जीभ अचानक निळी पडली, तर रक्तास प्राणवायु अपुरा मिळत आहे असें समजून तत्काळ गुरांच्या दवाखान्यांत न्यावें. तिसरी, जीभ व हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त कमी झालें असावें. गोचीड व जंत हीं त्याचीं नेहमींचीं कारणें आहेत. ज्या कुत्र्याची जीभ व हिरड्या मुळांतच काळ्या आहेत त्याच्या डोळ्याच्या पापणीची आंतली बाजू पाहावी. चौथी, तोंडांत उंचवट्यासारखी गांठ आली, ती वाढत असली, तींतून रक्त येत असलें किंवा तोंडास दुर्गंधि सुटली, तर उशीर करूं नये. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या तोंडांत रंगपेशींचा कर्करोग होऊं शकतो, आणि ती गांठ नेहमींच काळी असते असेंहि नाहीं. म्हणून केवळ रंगाकडे पाहूं नये. बदल झाला आहे काय, तें पाहावें.

दंशाच्या विषाविषयीं जें त्या दुसऱ्या गृहस्थांनीं सांगितलें तें तर धोक्याचें आहे. कुत्र्याच्या दांतांत विष नसतें. पिसाळण्याचा रोग एका सूक्ष्म विषाणूमुळें होतो व तो रोगी जनावराच्या लाळेंतून येतो, मग त्याची जीभ काळी असो वा गुलाबी. डाग नाहीं म्हणून निर्धास्त राहणारा मनुष्य डागास भिणाऱ्याइतकाच चुकतो. कोणतेंहि कुत्रें चावलें तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. पाळलेल्या कुत्र्यासहि वेळच्या वेळीं लस टोंचून घ्यावी.

आतां राहिली अपशकुनाची गोष्ट. तिच्याविषयीं मला थोडें स्वतःचें सांगावयाचें आहे. माझ्या जिभेच्या टोंकावर लहानपणापासून दोन काळे ठिपके आहेत. आपल्यासारख्या सांवळ्या वर्णाच्या लोकांत असे ठिपके पुष्कळांस असतात, आणि त्यांतहि तेंच मेलॅनिन असतें. मी नऊ वर्षांचा असतांना शेजाऱ्यांचा एक बैल आजारी पडला. त्यानें दोन दिवस वैरणीस तोंड लाविलें नव्हतें. तें पाहून मी सहज म्हणालों, "हा आतां उठणार नाहीं." तिसऱ्या दिवशीं बैल मेला. तेव्हांपासून आळींत मला काळजिभ्या म्हणूं लागले. आयाबाया आपल्या तान्ह्या मुलांस माझ्यापुढून उचलून नेत. वर्गांत उत्तर येत असूनहि मी कित्येक महिने तोंड उघडीत नसें. न जाणों, आपल्या बोलण्यानें कोणाचें वाईट होईल! त्या आळींतील माणसें दुष्ट नव्हतीं. बैल हातचा गेल्याचें दुःख त्यांस कोठें तरी टाकावयाचें होतें, आणि माझी जीभ तेवढी समोर होती.

अशा समजुती कशा टिकतात तें विद्यार्थ्यांनीं नीट पाहावें. मीं त्या वर्षीं शेंकडों गोष्टी बोलून दाखविल्या असतील. पाऊस येईल म्हटलें व आला नाहीं. परीक्षेंत नापास होईन म्हटलें व पास झालों. तीं बोलणीं कोणीं ध्यानांत ठेविलीं नाहींत. एक खरें झालें तेवढें लक्षांत राहिलें. ज्या घरीं काळ्या जिभेचें कुत्रें आहे तेथें दुःख आलें कीं डागाची आठवण होते. ज्या घरीं तसें कुत्रें असून सर्व सुखरूप आहेत त्यांची मोजदाद कोणी करीत नाहीं. खरी परीक्षा करावयाची तर दोन्हीं बाजू मोजल्या पाहिजेत. गणिताच्या वर्गांत आपण वजाबाकी शिकतों ती अशा वेळीं उपयोगांत आणावयाची असते.

असो. त्या विद्यार्थ्यानें घरीं जाऊन हें सर्व सांगितलें. शनिवारीं शाळा सुटल्यावर त्याचे वडील मला भेटावयास आले. त्यांनीं पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटीं मीं त्यांस माझी जीभ दाखविली, तेव्हां ते प्रथम संकोचले व मग मोकळेपणानें हंसले. रविवारीं तें पिलूं नदीपलीकडेहि गेलें नाहीं आणि बाजारांतहि गेलें नाहीं. पुढच्या आठवड्यांत बापलेक त्यास गुरांच्या दवाखान्यांत घेऊन गेले. डॉक्टरांनीं त्याचें तोंड तपासलें, डाग निरुपद्रवी असल्याचें सांगितलें, जंताचें औषध दिलें व लस केव्हां टोंचावयाची ती तारीख लिहून दिली. आजी अजून त्याच्या जिभेकडे पाहण्याचें टाळतात म्हणे. परंतु संध्याकाळीं भाकरी दुधांत कुसकरून त्यास घालण्याचें काम त्यांनीं दुसऱ्या कोणाकडे जाऊं दिलेलें नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गांत, आळींत किंवा गोठ्यांत एखाद्याच्या अंगावर अशी कांहीं खूण दिसली तर प्रथम ती जवळ जाऊन नीट पाहा. ती कशानें झाली हें जाणत्यास विचारा. तोंवर त्या जीवास घराबाहेर काढूं नका, आणि त्यास नांवहि ठेवूं नका.